वारा शून्य

क्लायपेडा बंदरात वारा पडत नाही.
म्हणजे, पडत नाही असं सगळेच धरून चालतात,
क्रेनसुद्धा.

फेब्रुवारीतल्या त्या पहाटे मात्र पडला.
धक्क्यावरचे झेंडे पिळून टांगल्यासारखे,
आणि सात नंबरची क्रेन
कंटेनरला आकडा लावून जागच्या जागी. उचलेचना.
पडद्यावर एकच ओळ: वारा जास्त.

स्काइस्ते नोर्कूतेने कोट न काढताच
एकोणीस वर्षं जुनी फाइल उघडली.
वरती फंक्शन, केल्ति. तिच्या भाषेत, उचल.
सरळ नाव. बाहेरचं जग त्यालाच हाक मारतं.
त्याच्या पोटात केल्ति_दोन.
त्याच्या पोटात केल्ति_खरंच.
आणि अगदी तळाशी, जिथे प्रत्यक्ष मोटर फिरते,
केल्ति_खरंच_नवं,
ज्याला नवं होऊन चौदा वर्षं झाली.

झेनोनासने नाव ठेवलं नाही,
म्हणून आम्ही त्याला नावं ठेवत बसलो.
ती नाही बसली. ती वाचत होती.

वजन, वेग, वारा: केल्तिला तीन गोष्टी लागतात.
वारा ऐच्छिक. पण सीला ऐच्छिक कळत नाही,
जेवढी पानं मांडली तेवढी वाढायचीच,
पाहुणा येवो न येवो.
तेव्हा झेनोनासने रिकाम्या पानावर शून्य वाढलं
आणि आत लिहून ठेवलं:
वारा शून्य दिसला तर कुणी सांगितलाच नाही असं समज,
सांगितला नसेल तर वीस धर.
वीसला क्रेन हलत नाही.

भला विचार होता, खोटं कशाला बोला.
माहीत नसेल तर थांब, एवढंच त्याला म्हणायचं होतं.
शून्य कधी खरं येईल
हे त्याच्या खिडकीतून दिसत नव्हतं.

तिने त्याला फोन लावला. तो निदाला,
खाडीच्या बर्फाला भोक पाडून
काकडीचा वास येणारे ते बारके मासे धरत होता.
"खरंच असं नाव का दिलंस?"
बराच वेळ नुसता बर्फ ऐकू आला.
"कारण दोन नंबरचं खोटं बोलायचं," तो म्हणाला,
"फक्त तपासायचं आणि उचललं म्हणायचं.
वारा पडलाय का तिकडे? इकडेही पडलाय."

मग ती कामाला लागली.
वारा नको, वाऱ्याचा पत्ता द्या, तिने लिहिलं.
पत्ताच नसेल तर नल: कुणी सांगितलं नाही, वीस धर.
पत्ता असेल तर तिथे जा, दार उघड,
आत शून्य असेल तर ते शून्यच आहे,
त्याचं ऐक.

नावंही बदलली. एक झालं केल्ति_तपास,
एक केल्ति_मोटर.
तिसऱ्याला काहीच काम उरलं नव्हतं, ते पुसलं.
"कोण कुणाच्या पोटातलं हे कशाला सांगायचं नावात?
काय करतं ते सांगावं."

तिची आई नोर्किएने: नोर्कसची बायको.
ती नोर्कूते: नोर्कसची मुलगी.
तिथे आडनावाचं शेपूट बघून कळतं
बाई कुणाच्या आत लिहिलीय.
जूनमध्ये तिचं लग्न, गिएद्रियस वाइश्विलाशी,
आणि नोंदणी कचेरीचा कागद
की-बोर्डखाली अर्धा दबलेला:
वाइश्विलिएने, की नुसतं आखूड वाइश्विले,
जे कुणाची बायको, कुणाची मुलगी
काहीच सांगत नाही,
की आहे तेच.

कंटेनर साडेआठला उचलला गेला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, खाली ट्रकवाला शिव्या देत होता.
दहाच्या सुमारास झेंडे हलले,
आणि आता पुढची किती वर्षं
ती ओळ बरोबर आहे की नाही
हे कुणालाच कळणार नाही.

कागदावरची ती जागा रिकामी होती.
नल की शून्य,
मी विचारलं नाही.